नको तेवढी स्पष्ट लेन्स

फोटोसाठी खडा हातात देण्याआधी शेठ तो जिभेवरून फिरवायचे. होय, जिभेवरून! मग शर्टाला पुसून माझ्यापुढे धरायचे. "घे. असं पॉलिश मशीनवर पण होत नाय." तंबाखूचा वास मारणारा तो पुष्कराज मी चिमट्याने उचलायचो आणि मनातल्या मनात शी शी करायचो. तुमच्याही नोकरीत असा एखादा माणूस आला असेल, ज्याच्या हातचं पाणी घशाखाली उतरत नाही.

हाटकेशच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात ते राशीचे खडे विकायचे. तेव्हा नेटवर दुकान थाटायची नवी हौस आली होती. मी लग्नाचे फोटो काढायचो, डिजिटल कॅमेरा होता, म्हणून मला बोलावलं. पण एवढासा खडा जवळून टिपायला मॅक्रो लेन्स लागते. चांगल्या कंपनीची नवी घेऊ म्हटल्यावर शेठ उखडले. "लेन्ससाठी गाळा विकू काय? सस्तावालं बघ ना काहीतरी!"

बघितलं. आधी लेन्सच्या तोंडावर बसवायची क्लोज-अपची काच आणली. मधला भाग बरा यायचा, कडा धुरकट. मग साधीच लेन्स उलटी लावून पाहिली. ती खड्याच्या इतकी जवळ न्यावी लागायची की तिचीच सावली पडायची. शेवटी फोर्टमधून एक वापरलेली मॅक्रो लेन्स, पसंत नाही पडली तर परत, अशा बोलीवर आणली. पहिला फोटो एका माणकाचा काढला आणि मी चाटच पडलो. आत चिरा, त्या लपवायला चिरांत भरलेली काच, काचेत बुडबुडे!

"एवढं स्पष्ट कशाला?" शेठ म्हणाले. "लग्नात नवरीच्या पुटकुळ्या दाखवतोस काय तू?"

लेन्स परत गेली, क्लोज-अपची काच राहिली. कडा धुरकट आल्या की म्हणे खडा देखणा दिसतो. मला किळस आली, पण त्याच काचेने मी वर्षभर निमूट फोटो काढले.

तेच माणिक आमच्या सिल्व्हर पार्कच्या बिल्डिंगमधल्या काकूंनी घेतलं. माणसं रत्नागिरीकडची, साधी. काकांना हृदयाचा त्रास, पत्रिकेत सूर्य कमजोर आहे असं कुणीतरी सांगितलेलं. "तू आहेस ना तिथे, मग फसवणार नाहीत," काकू म्हणाल्या. मी हो म्हणालो.

पुढे काकांची बायपास ठरली. आदल्या दिवशी काकूंनी त्यांची माणकाची अंगठी लख्ख करायला घेतली. देवाची तांब्याची भांडी करतात तशी, लिंबाच्या रसात सकाळपासून बुडवून ठेवली. लिंबाने चिरांतली काच खाल्ली. संध्याकाळी माणकावर पांढऱ्या रेघांचं जाळं!

काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. "फुटलं रे. माझ्याच हाताने फुटलं. मी नाही ह्यांना उद्या पाठवायची."

मी अंगठी घेऊन गाळ्यावर धावलो. "शेठ, तुम्ही येऊन खरं काय ते सांगा."

शेठ गालातल्या गालात हसले. "एवढंच ना? त्यांना सांग, संकट खड्याने स्वतःवर घेतलं. मी सगळ्यांना तेच सांगतो. उद्या हसत जातील बघ." मग खणातून दुसरं माणिक काढलं. "आणि हे दे वहिनींना. काय घेऊ नको त्यांच्याकडून." तेही काच भरलेलंच. पण आवाजात खरोखरची माया होती हो, म्हणून तर जास्त शिसारी आली.

मी ते घेतलं नाही. काकूंना घरी बोलावलं आणि कॉम्प्युटरवर तो पहिला फोटो दाखवला. "बघा काकू, चिरा आधीपासून होत्या. लिंबाने फक्त आतली काच गेली. तुमच्या हाताने काही झालेलं नाही."

काकूंनी पडद्यावरच्या चिरेवर बोट ठेवलं. "हा तू काढलास?"

"हो."

"आम्ही घेतलं त्याच्या आधी?"

मी फोटो बंद केला.

काकांना दुसऱ्या दिवशी नेलं, ठणठणीत होऊन घरी आले. काकू मात्र त्यानंतर माझ्याशी एक शब्द बोललेल्या नाहीत.

शेठ गाळा विकून कुठे गेले, कळलं नाही. तिथे आता चपलांचे सोल बनतात. त्या माणसाची आठवण आली की अजून शिसारी येते. पण खरं सांगू? मी त्यांची ती थाप जाऊन मारली असती, तरी काका तसेच बरे झाले असते, आणि काकूंनी अजूनही मला पूर्वीसारखी दारातून हाक मारून सोलकढी दिली असती. जिन्यात त्या पाठ फिरवतात तेव्हा दर वेळी माझ्या मनात हेच येतं, आणि शेठपेक्षा मला माझीच किळस येते.