डबल बेल

आमच्या ड्रायव्हरला अख्खा डेपो ‘हँडब्रेक’ म्हणतो. हे नाव मी ठेवलेलं आहे, दुसऱ्या कुणी त्याचं श्रेय घेतलं की माझं डोकं फिरतं. हा गडी एकदा स्टॉपवर थांबला की माझी डबल बेल ऐकल्याशिवाय हलत नाही. मागून गाड्या कोकलू देत, साहेब स्वतः खिडकीशी येऊन ओरडू देत. मी दोरी ओढणार, त्याच्या डोक्यावरची घंटी दोनदा वाजणार, हा आरशात बघणार, मग बस निघणार. कुणी लांबून धापा टाकत पळत येताना दिसलं की आरशातून माझ्याकडे बघतो, मी मान हलवतो आणि आम्ही थांबतो. वीसेक वर्षं आमचा असा संसार चाललाय. माझी बायको म्हणते, "त्यांचं ऐकता तसं घरात माझं ऐकलं असतंत तर माझ्या जन्माचं सोनं झालं असतं."

तर हा हँडब्रेक मागच्या तपासणीत नापास झाला. ड्रायव्हर लोकांना दरवर्षी डॉक्टरांसमोर उभं राहावं लागतं. डोळे, कान, साखर, रक्तदाब, आणि केस पिकले की शिवाय तो सरकता पट्टा, छातीला वायरी लावून वर चालायचं. हा पट्ट्यावर चढला आणि जरा वेग वाढल्याबरोबर घामाघूम होऊन कठड्याला लटकला. डॉक्टरीणबाईंनी आणखी चारदोन तपासण्या केल्या. हृदय ठीक होतं, बाकी सगळं बसून बसून बिघडलेलं. त्या म्हणाल्या, "सहा महिन्यांनी परत बघू. तोपर्यंत स्टेअरिंगला हात लावायचा नाही. तेव्हाही असंच झालं तर गाडी कायमची बंद."

त्याला टायरच्या खोलीत बसवलं. ती खोली कधी बघितली नसेल तर बघूही नका. भिंतीला टेकवलेले टायर, रबराचा वास, एक स्टूल आणि समोरच्या भिंतीवर उघडणारी खिडकी. जेवणाच्या सुट्टीत मी डबा घेऊन तिथेच जायचो. बाहेरून एखादी बस गेली की हा मान वर न करता म्हणायचा, "क्लच घासतोय." बस्स, तेवढंच. तसा तो मुळातच कमी बोलणारा, पण एवढा गप्प मी त्याला कधी पाहिला नव्हता. मला त्याच्याकडे बघवत नसे.

आणि माझ्या नशिबी नवा ड्रायव्हर आला. देवा रे देवा! माणूस एक पाय फुटबोर्डावर ठेवतोय तोवर हा पसार. मी घंटी वाजवायचो ती आपली स्वतःच्या समाधानासाठी. एक दिवस छत्री आत आली आणि छत्रीवाले गृहस्थ बाहेर राहिले. मी त्याला असा काही झापला की गाडीतले लोक तिकीट काढायचं विसरले.

मग एका रविवारी वहिनींचा, म्हणजे हँडब्रेकच्या बायकोचा, फोन आला. "भाऊजी, डॉक्टरांनी आधी चालायला आणि मग हळूहळू पळायला सांगितलंय. मी चहातली साखर बंद केली, तळलेलं बंद केलं, पण ह्यांना खुर्चीतून उठवणं माझ्या बापाच्यानं व्हायचं नाही. तुम्ही तरी सांगा."

मी गेलो. म्हटलं, "ऊठ. बागेत जाऊ."

"बागेत गोल गोल फिरून पोचायचं कुठे?" तो म्हणाला.

म्हटलं, "बरं बाबा, आपल्या रूटवर चल." तेव्हा कुठे स्वारी उठली.

दुसऱ्या दिवशीपासून, पहिली बस सुटायच्या आधी, आमची वरात निघाली. माझा गुडघा पळायच्या लायकीचा नाही, म्हणून मी सायकलवर आणि तो पुढे, पायांत मुलाचे जुने बूट. पहिले काही आठवडे नुसतं चालणं. मग एक दिवस तो पळायला लागला. पळायला म्हणजे काय, दुधवाली बाई आमच्या शेजारून चालत पुढे गेली. पोस्टाच्या स्टॉपपर्यंत पोचता पोचता त्याच्या नाकी नऊ आले. तिथे थांबून त्याने दम घेतला. दम खाली बसला, घाम पुसून झाला, तरी हा उभाच.

"काय झालं रे? दुखतंय का कुठे?"

"नाही."

"मग चल की."

तो हलेना. आणि मग त्याने मान किंचित वर करून डावीकडे बघितलं, जिथे गाडीत त्याचा आरसा असतो. माझी ट्यूब पेटली. अहो, हा स्टॉपवर उभा होता आणि बेलची वाट बघत होता! त्याचं त्यालाही कळलेलं नव्हतं. मी इतका हसलो की सायकलसकट फुटपाथवर टेकलो. मग डोळे पुसून सायकलची घंटी दोनदा वाजवली, टिंगटिंग, आणि पठ्ठ्या निघाला.

तेव्हापासून तीच रीत पडली. आधी फक्त पोस्टापर्यंत पळायचं आणि चालत परत यायचं. मग शाळेच्या स्टॉपपर्यंत. मग दवाखाना, पाण्याची टाकी. प्रत्येक स्टॉपवर थांबा, दम, डबल बेल. पाण्याच्या टाकीजवळचा चढ मात्र त्याला काही केल्या जमेना. अर्ध्यावर पाय जड व्हायचे आणि तोंडातून शिवी यायची. एकदा तर रस्त्याच्या कडेला बसला आणि म्हणाला, "जाऊ दे. टायर काय वाईट आहेत?"

माझा पारा चढला. म्हटलं, "तुला टायर वाईट नसतील, पण मी त्या आगाऊ माणसाबरोबर उरलेला जन्म काढणार नाही. ऊठ मुकाट्यानं!" त्याला बेल दिली नाही, नुसता खेकसलो. तो उठला. त्या दिवशी चढ चालतच संपवला, पण संपवला.

हळूहळू पोट आत गेलं. पँट ढगळ झाली. दुधवाली मागे पडायला लागली, हे त्याने घरी जाऊन वहिनींना दोनदा सांगितलं म्हणे. एकदा टाकीच्या चढावर, श्वास न तुटता, माझ्याकडे वळून म्हणाला, "बसमागे पळणारा माणूस किती दमत असेल रे." आम्ही त्यांच्यासाठी नेहमी थांबायचो, तरी त्याला चुकचुकल्यासारखं झालं.

आणि एक दिवस तो पोस्टाच्या स्टॉपवर थांबला नाही. शाळेच्याही नाही. सरळ टाकीचा चढ चढून थेट पुलापर्यंत गेला, एक्सप्रेस गाडी! मी मागून पायडल मारत ओरडत होतो, "अरे लेका, थांब, मला तरी दम घेऊ दे!" मला आनंद झालाच. पण खोटं कशाला बोलू, थोडं वाईटही वाटलं. घंटीवरचा अंगठा तसाच राहिला होता. घरी येऊन उगाचच बायकोवर चिडलो.

तपासणीच्या दिवशी मी रजा टाकली. दवाखान्यात वहिनी बाकावर बसून पिशवीचा बंद पिळत होत्या. मला बसवेना. खोलीच्या दाराला वरच्या अर्ध्या भागात काच होती, मी तिथे नाक लावून उभा राहिलो. नर्स एकदा येऊन रागावून गेली, मी दोन पावलं मागे सरलो आणि ती गेल्यावर परत पुढे झालो.

पट्टा सुरू झाला. हँडब्रेक चालायला लागला, मग वेग वाढला, मग तो पळायला लागला. खांदे सैल, तोंड मिटलेलं, श्वास व्यवस्थित. अगदी टाकीचा चढ. माझा जीव भांड्यात पडला. आणि तेवढ्यात त्याचे पाय मंदावले. दमला नव्हता, मला त्याची दमछाक पाठ आहे. नुसताच मंदावला. पट्टा त्याला मागे मागे न्यायला लागला. डॉक्टरीणबाईंनी काहीतरी विचारलं आणि त्यांचा हात मशीनच्या बटणाकडे गेला.

नंतर त्याने मला सांगितलं, "समोरची भिंत हलेना रे. जागच्या जागी सगळं. मला वाटलं, स्टॉपला लागलोय."

मला तेव्हा हे काही ठाऊक नव्हतं. पण त्याने मान किंचित वर केली आणि डावीकडे बघितलं, ते मी बघितलं.

मी काचेवर बोटाने दोनदा वाजवलं. टकटक.

त्याने मागे वळून बघितलं नाही. पाय उचलला, आणि असा सुटला की डॉक्टरीणबाईंचा हात बटणावरून खाली आला. नर्स धावत आली आणि तिने मला पार जिन्यापर्यंत हाकललं. मी वाटेत दोनदा माफी मागितली. चूक माझीच होती, पण परत वेळ आली तर परत करीन.

पास झाला.

पुढच्या सोमवारी पहिल्या फेरीला आमची गाडी डेपोतून निघून पोस्टाच्या स्टॉपला लागली. रोजची माणसं चढली, शाळेतल्या बाई, बेकरीतले दोघं, दवाखान्यात स्वयंपाकाला जाणाऱ्या आजी. सगळ्यांनी त्याला बघितलं. कुणी हात केला, कुणी म्हणालं, "आलात का? बरं झालं." दार लागलं. तो नीट बसला, दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवले, आणि आरशात माझ्याकडे बघितलं.

मी दोरीला हात घातला आणि मला ती ओढवेना. एवढा मोठा माणूस, गळ्यात तिकिटांचं मशीन, आणि डोळ्यांतून पाणी. बस उभी. मागे गाड्या वाजायला लागल्या.

"अहो कंडक्टर, झोपलात का? मला उशीर होतोय," म्हणत आजींनी स्वतःच हात वर करून दोरी ओढली. दोनदा, अगदी ठणठणीत.

बस हलली नाही.

"काय हो, बेल दिली ना!" आजी पुढे बघून ओरडल्या.

हँडब्रेकने मान वळवली नाही. अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाला, "दिली ती तुम्ही, आजी. त्याची येऊ द्या."

मी बाहीने तोंड पुसलं आणि दोरी ओढली.