गडग्यातली वाट

वन्सं गेल्याचा फोन आला तेव्हा मी तळा गावी माहेरी होते. भावाच्या घरी नवीन सून आली आहे, तिच्या पहिल्या दिवाळीच्या फराळाला मदत म्हणून गेले होते. ह्यांनी फोनवर एवढंच सांगितलं, "मनूताई गेली. दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाय." मी विचारलं, काय जेवल्या होत्या. असं कुणी विचारतं का... पण तेव्हा तेवढंच सुचलं. ह्यांनीही उत्तर दिलं, "आमटीभात आणि सुकटीची चटणी." हातातलं पीठ तसंच ठेवून मी निघाले. त्या दिवाळीला आमच्याकडे कंदील लागला नाही.

वन्सं म्हणजे ह्यांची मोठी बहीण. लग्नानंतर वर्षभरातच माहेरी परत आल्या आणि पुढे आयुष्यभर इथेच राहिल्या. का आल्या ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. त्यांचा आवाज मोठा. मी नवी नवरी होते तेव्हा तो आवाज ऐकून स्वयंपाकघरातून बाहेरच येत नसे. त्या म्हणायच्या, "हिला तोंड हाय की नुसतंच नाक?" मग हळूहळू अशी सवय पडली की घरातलं जे काही बाहेर बोलायचं ते त्या बोलायच्या, आणि जे आत करायचं ते मी. माझी शाळा चौथीत सुटली, त्यांची सातवीत, त्यामुळे पोस्टात, बँकेत, पंचायतीतही त्याच जायच्या. मुलांची त्यांना आवड होती असं मात्र नाही. अंगणात कुणाचं मूल आलं तर त्या आधी त्याचे पाय बघायच्या, चिखलाचे आहेत का.

आमच्या गावातला रस्ता नारळी-पोफळीच्या वाड्यांच्या मधून जातो. दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, म्हणजे दगड रचून केलेली कुंपणं, आणि मध्ये एक गाडी जाईल एवढाच डांबरी पट्टा. चालणाऱ्याला कड अशी नाहीच, गाडी आली की गडग्याला चिकटून उभं राहायचं. वरच्या आळीतली मुलं याच रस्त्याने शाळेत जायची. पूर्वी एसटी आणि एखादी स्कूटर, एवढंच असे. आता समुद्रावर लोक येतात, घरोघरी त्यांच्यासाठी खोल्या झाल्या आहेत. आमच्याही दोन आहेत, तेव्हा तक्रार करायला जागा नाही. सोमवारची सकाळ सगळ्यात वाईट. रविवारची रात्र राहिलेले लोक कामावर पोचायचं म्हणून घाईने गाड्या काढतात, आणि तीच वेळ शाळेची. अशाच एका सोमवारी वळणावर एका मुलीच्या दप्तराचा पट्टा गाडीच्या आरशात अडकला. ती थोडी ओढली गेली, गुडघे सोलवटले, बाकी काही झालं नाही. गाडीवाले चांगले होते, त्यांनी पाणी दिलं, बिस्किटं दिली. वन्सं गडग्याच्या आतून बघत होत्या. काहीच बोलल्या नाहीत, याचंच मला नवल वाटलं.

त्याच्या आधी मोठं वादळ होऊन गेलं होतं. पोफळी पडल्या, गडगे पडले, रस्ता झाडांखाली गेला, आणि कितीतरी दिवस आम्ही सगळे एकमेकांच्या वाडीतूनच ये-जा करत होतो. शाळा तेव्हा करोनामुळे बंदच होत्या. पुढे शाळा उघडल्या तेव्हा लोक एकेक करून मागचे गडगे पुन्हा रचत होते. त्या मुलीचं दप्तर अडकल्यावर वन्संना ती वाडीतली वाट आठवली. आमच्या वाडीतून शिरलं की मधल्या दोन वाड्या ओलांडून तात्यांच्या वाडीत, आणि तिथून थेट शाळेच्या दारात. रस्ता लागतच नाही. ह्यांना बहिणीपुढे नाही म्हणता येत नसे. मधल्या वाड्यांचे मालक मुंबईला असतात, त्यांनी फोनवरच हो म्हटलं. राहिले तात्या. तात्या वन्संच्या वयाचे, लहानपणी एकत्र खेळलेले. त्यांच्या पडवीत वन्सं बोलायला गेल्या तेव्हा मला बरोबर नेलं होतं. मी खांबाशी उभी होते.

"मने, आज पोरं जातील, उद्या वहिवाट लागेल, आणि परवा माझ्याच वाडीत जायला मला तुला विचारावं लागेल."

"तुझ्या वाडीत हाय काय एवढं? तू आणि दोन मांजरं."

"सुपारी हाय. खाली पडलेली पोरं खिशात घालतील."

"घालतील तर मी खिसे झाडून घेईन."

"नि नारळ पडला डोक्यात?"

"म्हणून तर माडाखालून नाय नेत, पोफळीतून नेते. त्या टोकाला तू शेवटचा कधी गेलावतास?"

तात्या म्हणाले, "ते सोड, वहिवाटीचं बोल." वन्सं म्हणाल्या, "रविवारी आणि शाळेच्या सुट्टीत बंद ठेव. आडवा बांबू घाल. वाट तुझी हाय, तू देतोस म्हणून चालू हाय, हे गावाला दिसेल."

"आणि तो बांबू घालणार कोण? मी म्हातारा माणूस."

"मग मी काय तरणी हाय? मीच घालीन, मीच काढीन."

तसंच ठरलं. तात्यांनी गडग्यात माणूसभर जागा सोडली, दोन्ही बाजूंच्या चिऱ्यांत खोबणी केल्या. शनिवारी शाळा सुटली की वन्सं बांबू घालायच्या, सोमवारी उजाडताच काढायच्या, आणि दोन्ही वेळा तात्यांच्या नावाने ओरडायच्या. बांबू जड आहे, माणूस कंजूष आहे, चिरे वाकडे आहेत. तात्या पडवीतून उत्तर द्यायचे. मुलांना वन्संनी बजावून ठेवलं होतं, "बांबू असताना खालून वाकून जायचं नाय. एक जरी गेला तरी तात्या राहू दे, मीच वाट बंद करीन." कुणी गेलं नाही.

दिवाळीची सुट्टी लागली त्या संध्याकाळी त्यांनी बांबू घातला आणि सुट्टीतच त्या गेल्या. दिवसकार्याला तात्यांचा पनवेलचा मुलगा आला होता. त्याला वाडीत मागच्या बाजूला खोल्या काढायच्या आहेत. जेवताना तो सहज म्हणाला, "आता आत्या नाय, तर भिंत पुरी करून टाकू." तात्या मान खाली घालून जेवत होते. दुसऱ्या दिवशी त्या जागेशी चिऱ्यांची गाडी रिकामी झाली. मी ह्यांना म्हटलं, तुम्ही बोला. हे म्हणाले, "वाडी त्यांची हाय."

शाळा उघडली तो सोमवार. मी मागच्या दारी भांडी घासत होते. मुलं वाडीतून गेली आणि थोड्या वेळाने परत आली. एक मुलगी म्हणाली, "काकी, बांबू हाय अजून," आणि सगळी रस्त्याकडे वळली. रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न वाजत होते. मी त्यांना थांबा म्हटलं आणि ओल्या हातांनीच पुढे निघाले. मुलं माझ्या मागे आली.

तात्या पडवीत बसले होते. समोर चहाचा कप, वर साय धरलेली. मी त्यांच्याशी आपणहून कधी बोलले नव्हते. गडग्याच्या अलीकडूनच म्हटलं, "तात्या, मुलं उभी आहेत."

"दिसतायत मला."

"बांबू..."

"मनीनं घातलाय तो. मी त्याला कधी हात लावला नाय." त्यांनी कप बाजूला सारला. "उजाडल्यापासून बसलोय. येईल, शिव्या घालील, काढील..."

मी चिऱ्यांकडे बघितलं. त्यांनी ते पाहिलं. म्हणाले, "पोराला सांगितलंय, खोल्या पुढच्या अंगाला काढ. वाट दिलीय ती दिलीय. तुम्ही काढा वहिनी बांबू. पण असा मुकाट्यानं नको. ती काढायची तेव्हा सगळ्या आळीला कळायचं."

मी पुढे होऊन बांबू धरला. खोबणीत बांबू घट्ट बसला होता, दोनदा ओढावा लागला. मुलं धावत गेली.

आता बांबू मी घालते आणि मीच काढते. तात्या पडवीतून बघत असतात. मी काही बोलत नाही, म्हणून तेही बोलत नाहीत. परवाच्या सोमवारी बांबू हातातून सुटला आणि अंगठ्यावर पडला. माझ्या तोंडून जी शिवी गेली ती वन्संचीच, त्यांच्याच आवाजात नसली तरी बऱ्यापैकी मोठ्याने. मुलं थबकली. पडवीतून तात्या म्हणाले, "हां... आता कुठे सोमवार झाला."