तीन दिवस पाणी

माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणतो, सावद्याहून केळीच्या ट्रकमध्ये बसून जळगावला क्रिकेट खेळायला जायचे. केळीच्या चिकाचे डाग कपड्यावरून जात नाहीत, त्यामुळे त्यांची पांढरी पँट मागून कायम काळपट. जिल्ह्याच्या संघात त्यांनी बरीच वर्षं गोलंदाजी केली. राज्याचा संघ एकदा जळगावात खेळायला आला, तेव्हा बारावा खेळाडू स्थानिक घ्यायचा म्हणून त्यांना बोलावलं. तीन दिवस त्यांनी पाणी नेलं, लिंबं कापली आणि जेवणाच्या सुट्टीत खेळपट्टीवरच्या काथ्याच्या मॅटिंगचे सैल झालेले खिळे ठोकले. एक चेंडूसुद्धा टाकला नाही.

ही गोष्ट ते फार रंगवून सांगत. "पाणी घेऊन तीन दिवसांत माह्याइतकं मैदानावर कोणी पयलं नही," म्हणायचे आणि आपणच आधी हसायचे.

ती गोष्ट मी बंद पाडली.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी आम्ही मुलगी बघायला धुळ्याला गेलो होतो. मी केळीच्या व्यापाऱ्याकडे कारकून. मुलीच्या वडिलांनी नोकरीचं विचारलं, मी सांगितलं, आणि ते पावसापाण्याचं बोलू लागले. भिंतीवर क्रिकेटपटूंचे फोटो होते. माझ्या तोंडून गेलं, "आमचे नाना राज्याच्या संघातून खेळलेत."

नानांच्या हातातला पोह्यांचा चमचा थांबला. मुलीचे वडील उठून त्यांच्या शेजारी येऊन बसले.

परतीच्या एसटीत नाना म्हणाले, "मी खेयलो नही रे."

"लग्न होऊ द्या, मग सांगू."

लग्न झालं. मग मुलगी झाली, मग तिची शाळा. सांगायचं राहून गेलं असं नाही, मीच सांगितलं नाही. धुळ्याचं बोलावणं आलं की नानांची केळीची कापणी निघायची. आणि माझ्या बायकोसमोर ती पाण्याची गोष्ट त्यांना कधीच सांगता आली नाही. माझ्या मुलीने ती ऐकलेलीच नाही. आजोबांची सगळ्यांत चांगली गोष्ट.

गेल्या महिन्यात धुळ्यातल्या एका स्पर्धेत नानांचा सत्कार ठरला. चुलत सासऱ्यांनी परस्पर ठरवला, त्यामुळे या वेळी नानांना कापणी सांगता आली नाही. फलकावर नानांच्या फोटोखाली 'राज्याचे माजी खेळाडू' लिहिलेलं. नाना आता त्र्याऐंशीचे. फलक वाचून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खुर्च्या सरळ करू लागलो.

शाल-नारळ झाल्यावर त्यांना बोलायला लावलं. नाना माइकसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "मी राज्याकडून खेयलो नही. तीन दिवस पाणी पाजलं. खिये ठोकले."

मग चुलत सासरे मोठ्याने म्हणाले, "इतला मोठा माणूस शे, पन गर्व कसा तो नही!"

टाळ्या वाजल्या. नाना पुन्हा म्हणाले, "नही हो, खरंच." टाळ्या वाढल्या. मी पहिल्या रांगेत होतो. उठून चार शब्द बोललो असतो तर लोकांनी ऐकलं असतं. मीही टाळ्या वाजवत होतो.

गाडीत बायको म्हणाली, "नाना, तुम्ही किती कमीपणा घेता स्वतःकडे!"

मी गाडी चालवत होतो; नाना मागच्या सीटवरून आरशात माझ्याकडे बघत होते.

"स्वभाव आहे त्यांचा," मी म्हणालो.

नशिराबाद मागे पडलं, भुसावळ गेलं. सावद्याला त्यांच्या दारापर्यंत सोडायला मी एकटाच उतरलो, तेव्हा त्यांनी शाल माझ्या हातात दिली. "ही तूच ठेव."

ती माझ्या कपाटात आहे. परवा बायकोने विचारलं, नानांची शाल आपल्याकडे कशी? ती कपाटापाशी उभी होती, शाल हातात घेऊन. मी वर्तमानपत्राचं पान उलटलं.