कुटाराचा धूर

शेजारच्या वावरात आज मळणीनंतर उरलेलं वाळकं कुटार जळालं आणि त्या वासाने आमची लाल स्पोर्ट्‌स कार आठवली. ह्यांनी ती पुण्याहून जुनी आणली होती. मेडशीजवळ लोकांनी मळणीसाठी रस्त्यावर सोयाबीन पसरलं होतं. सगळ्यांसारखी आमचीही गाडी त्यावरून गेली. पण ती इतकी बुटकी, की पोटाखाली कुटार अडकून धूर निघाला. पाणी ओतता ओतता एक शेतकरी म्हणाला, "भाऊ, काहून पोसून राह्यले हिले?"

"शौक हाय," हे हसले.

"बाईले इचारलं काय?"

मला त्या माणसाचाच राग आला होता.

पुढे टायर-क्लचच्या खर्चापायी मी शिलाई धरली. गाडी कधीच भंगारात गेली. माझं मशीन अजून चालू आहे. तसं विचारणारं मात्र पुन्हा कोणी भेटलं नाही.