हेडफोनमधली राजश्री

भूत, संकेत, अंगात येणं... असलं काही कोणी सांगायला लागलं की माझं उत्तर ठरलेलं — "झोप पूर्ण घ्या, बरं वाटेल." त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच ओशाळल्यासारखं होतंय.

मी कोथरूडला राहते. प्रूफरीडिंग करते — कथा-कादंबऱ्यांचं नाही, डेटाबेसच्या एका सॉफ्टवेअरसोबत येणाऱ्या इंग्रजी मॅन्युअलचं. कुठली कमांड कशी लिहायची, चुकली तर काय होतं, असली रुक्ष पानं. ती पानं लिहायची राजश्री. कॉलेजपासूनची मैत्रीण, हे काम मला तिनेच मिळवून दिलं. ती बाणेरच्या ऑफिसात, मी घरी.

तोच मजकूर वाचून वाचून चुका दिसेनाशा होतात, म्हणून शेवटचं वाचन मी कानाने करते. कॉम्प्युटर मोठ्याने वाचतो, मी हेडफोन लावून ऐकते. आवाज एका इंग्रज बाईचा. 'वैदेही' हे माझं नावसुद्धा तिला धड म्हणता येत नाही.

त्या दुपारी जेवण उरकून बसले होते. पुढच्या आवृत्तीसाठी नोंदी पुसण्याच्या कमांडचं पान चालू होतं. बाई वाक्याच्या मधेच थांबली... आणि स्वच्छ मराठीत ऐकू आलं —

"ती सूचना वैदेहीनेच काढली. मी नको म्हणत होते तिला."

आवाज राजश्रीचा!

मी हेडफोन ओढूनच काढले. फोन पाहिला — कॉल चालू नव्हता. लॅपटॉपवर त्या पानाखेरीज काही उघडं नव्हतं. पुन्हा तेच पान लावलं, तर बाईने निमूटपणे सगळं इंग्रजीत वाचलं.

राजश्रीला फोन केला. उचलला नाही. संध्याकाळी तिच्या मॅनेजरांचा आला.

"वैदेही, अट न घालता नोंदी पुसण्याची कमांड दिली तर टेबलमधल्या सगळ्या नोंदी जातात, ही धोक्याची सूचना नव्या मॅन्युअलमधून गायब आहे. एका ग्राहकाचा सगळा डेटा गेलाय. का काढलीत तुम्ही ती?"

"मी? अहो, ती ठेव म्हणून मी राजश्रीशी भांडले होते!"

"त्या वेगळं सांगतायत. आपण इथेच थांबू या."

काम गेलं. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसच्या गेटवर राजश्रीला गाठलं आणि ऐकलेलं वाक्य शब्दन्‌शब्द म्हणून दाखवलं. "काल असंच म्हणालीस ना सरांना?"

ती पांढरीफटक पडली. वाटलं, नाही म्हणेल, रडेल... निदान माझ्यावर ओरडेल तरी.

"तुला कोणी सांगितलं?" ती म्हणाली. "आत आम्ही दोघंच होतो."

इतक्या वर्षांच्या मैत्रिणीला एवढाच प्रश्न पडला होता.

"तूच सांगितलंस," म्हटलं, आणि रिक्षात बसले.

माझे दीर सॉफ्टवेअरमधलेच. त्यांनी लॅपटॉप उलटापालटा करून तपासला. कॉल नाही, रेकॉर्डिंग नाही, काही नाही. "वहिनी, स्ट्रेसमुळे भास होतात," म्हणाले. होत असतील, पण माझा स्ट्रेस तर मॅनेजरांच्या फोननंतर सुरू झाला. आधी ऐकू आलेल्याचं काय?

एक गोष्ट मात्र मी त्यांनाही सांगितली नाही, इथेच पहिल्यांदा लिहितेय. त्या वाक्यानंतर हेडफोनमध्ये राजश्री हसली होती. बारीकसं, सुटल्यासारखं.

तो आवाज माझ्यापर्यंत कसा आला, मला आजही माहीत नाही. कोणाला माहीत असेल तर जरूर सांगा. ती खरंच हसली होती का, हे तिच्या मॅनेजरांना विचारता येईल... मी विचारलेलं नाही.