तिच्या हातावरचा नंदी

त्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर आम्ही नवराबायकोनं मिळून बारा कागद दोरीला लावले. मी वर चिमटा लावायचा आणि तिनं खालचा कोपरा धरायचा, म्हणजे कागद वळत नाही. मधेच ती म्हणाली की चिमटा लई आत घेतलाय, वण उठेल. मी काढून परत लावला. एवढंच. आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम.

कागद साधे नव्हते. कापसाच्या लगद्याचे, जाड, आणि प्रत्येकावर हिचाच हात छापलेला. भाकरी थापताना कोपरापासून बोटांपर्यंत दिसणारा. आमची मुलगी शाळेत चित्रकला शिकवते आणि स्वतःची चित्रंही करते. तिनं आईच्या हाताचा फोटो काढला, कॉम्प्युटरवर मोठा केला आणि दुकानातल्या मशीनवर छापून आणला. डिजिटल प्रिंट म्हणतात त्याला. माझा त्या मशीनवर राग होता. मी पन्नास वर्षं लाकडी ठसे कोरले. चादरीच्या गठ्ठ्यांवर, लेबलांवर माझ्या हातचे छाप होते. मग मशीनचे स्टिकर आले आणि मला कुणी विचारेना झालं. सातवीत शाळा सोडलेल्या माणसाला दुसरं काय येणार? घरी बसलो.

पण पहिला कागद बघितला आणि डोळ्यांजवळ धरला. नखात अडकलेलं पीठसुद्धा आलं होतं. हाताची शीर न् शीर. चांगल्याला चांगलं म्हणायला मला लाज वाटत नाही.

फक्त एक गोष्ट आली नव्हती, तिचं गोंदण. सात वर्षांची असताना मंगळवेढ्याच्या बाजारात तिच्या आईनं ते गोंदवून घेतलं होतं. मनगटाजवळ महादेवाची पिंड, तिच्या मागं, कोपराच्या बाजूला, पिंडीकडं बघणारा नंदी आणि बाजूला बेलाचं पान. साठ वर्षांत ते फिकं पडून सुरकुत्यांत बुडालं होतं. जवळून बघणाऱ्याला दिसायचं, मशीनला दिसलं नाही. लग्न झालं तेव्हा मी म्हटलं होतं की हा नंदी नाही, शेळी आहे. ती म्हणाली होती, "शेळी तर शेळी. तुमच्यापरीस ऐकती." तेव्हापासून आमच्या घरात ती शेळीच होती.

मुलीच्या डोक्यात असं होतं की तिच्या प्रदर्शनासाठी हात मशीननं छापायचा आणि गोंदण आप्पांनी लाकडात कोरून त्याच कागदावर उठवायचं. मला वाटलं, म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून बोलते आहे. तसं नव्हतं. तिला ते खरंच हवं होतं, आणि ते करणारा मीच होतो.

हिनं हात टेबलावर ठेवला. मुलीनं वर पारदर्शक कागद धरून गोंदणाची रेघ न् रेघ गिरवली, कॉम्प्युटरमध्ये घातली आणि मापाला मोठी करून आणून दिली. मी ती सागवानाच्या फळीवर चिकटवली आणि आठ दिवस कोरत बसलो. हात थरथरतात म्हणायचे लोक. कोरणी धरल्यावर नाही थरथरत.

पहिला ठसा उठवला आणि हिनं डोळ्यांना पदर लावला. मला वाटलं रडते आहे. हसत होती. पिंड गेली होती कोपराला.

ठसा कोरणारा माणूस चित्र नेहमी पालथं चिकटवतो. लाकडावर उलटं कोरलं तरच कागदावर सुलटं उठतं. माझा हात आपोआप तसाच चालला. पण मुलीनं आप्पांचं काम हलकं व्हावं म्हणून कॉम्प्युटरमध्ये चित्र आधीच उलटं करून आणलं होतं. उलट्याचं मी पुन्हा उलटं केलं. तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मी मुलीवर तापलो. ती म्हणाली की पन्नास वर्षं काम केलेल्या माणसाला मी काय सांगू, उद्धटपणा वाटला असता.

"दोघं बी शाणे," ही म्हणाली. "म्हादेव कोपरावर नेऊन बसवला. आता पाणी कुटनं घालू?"

हसणं थांबल्यावर मात्र तिनं बजावलं, "मला माझा नंदी सरळ बगायचाय. तवर ह्यो कागद कुनाला दावायचा न्हाय."

दुसरी फळी घेतली आणि पुन्हा आठ दिवस बसलो. तेवढ्यात तिनं दोन गोष्टी शोधल्या, ज्या ना मुलीच्या कॉलेजात शिकवल्या, ना माझ्या उस्तादानं. दुकानातल्या एसीतून आणलेला कागद आमच्या तापलेल्या खोलीत आला की जरासा आखडायचा आणि ठसा गव्हाच्या दाण्याएवढा सरकून बसायचा. ती म्हणाली, कागदाला एक दिवस-रात्र दोरीवर राहू द्या, घरची हवा लागू द्या, मग छापा. बरोबर निघालं. दुसरी गोष्ट दाबाची. ठशाला शाई लावून त्यावर कागद पालथा ठेवायचा आणि पाठीवरून काशाच्या वाटीनं घासायचं, अशी आमची रीत. मी जोर लावून घासायचो. तिनं वाटी काढून घेतली.

"गोंदण कातड्यावर नसतंय, आत असतंय," ती म्हणाली. "हलकं घासा. आतनं आल्यागत दिसाया पायजे."

शाळेची पायरी न चढलेली बाई. मुलीनं ते वाक्य वहीत लिहून घेतलं, माझ्यासमोर.

तर त्या सकाळी नवा ठसा तयार होता, शाई लावायची बाकी होती. कागद दोरीला लावले आणि ठरलं की उद्या छापायचे. ती चटणीसाठी शेंगा फोडायला बाजेवर बसली. मी हत्यारांना तेल देत होतो. फोडण्याचा आवाज थांबला. मी मान वर केली. बघितलं तर मान भिंतीला टेकलेली आणि मुठीत शेंग. डॉक्टर आले, ते फक्त सांगायला आले.

दुपारपर्यंत माणसं जमली. आम्ही लिंगायत, आमच्यात मातीला बसवून नेतात. बायकांनी आंघोळ घातली, विभूती लावली आणि तिला भिंतीशी बसवलं. हात मांडीवर होते. मी खोलीत गेलो आणि ठशाला शाई लावली. दोरीवरच्या कागदांना अजून हवा लागायची होती, म्हणून वहीच्या कोऱ्या कागदावर ठसा उठवला. तिच्या भावानं दारातून बघितलं.

"दाजी, आज बी काम?"

"तिचंच हाय," मी म्हणालो.

तिच्याजवळ बसलो, पदर सारला आणि तो कागद हाताला लावला. पिंड मनगटाकडं. नंदी तिच्याकडं बघणारा. पान बाजूला. मुलगी शेजारी येऊन वाकली, बघितलं आणि होकाराची मान हलवली. लोक काय म्हणाले ते मला ठाऊक नाही, मी ऐकत नव्हतो. कागद तिच्या मांडीवरच ठेवला, बेलाच्या पानांबरोबर. संध्याकाळी माती दिली. कागदही गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो. घरात पाहुणे झोपलेले. आमच्यात सुतक नाही, असलं तरी पाळलं नसतं. कागद दोरीवरून उतरवले. तयार होते. मुलगी आली, म्हणाली, आप्पा, राहू द्या, प्रदर्शन पुढं जाईल. मी म्हटलं, तुझ्या अव्वानं लावलेले कागद आहेत, आज नाही छापले तर धूळ बसेल. ती शाई घोटायला बसली.

पहिल्यावर मी जोर केला. गोंदण वर आलं, काळं, चिकटवल्यासारखं. तो बाजूला ठेवला. मग वाटी तिच्यासारखी धरली, तळहातात नाही, बोटांच्या टोकांत. दुसरा कागद उचलला आणि मुलगी एकदम बाहेर गेली. मी कागद उजेडात धरला. मशीनचा हात आणि माझा नंदी, मधे सांधा कुठं ते मलाच सापडेना. अशी छपाई मी जन्मात केली नव्हती. ती असती तर म्हणाली असती, शेळी झक्क आली.

बारातले अकरा साधले. खाली पेन्सिलनं सही करतात म्हणे. मुलीनं तिची केली आणि पेन्सिल माझ्याकडं दिली. मी आधी हिचं नाव लिहिलं, मग माझं.

अकरा कागद परत दोरीला लावले. खालचे कोपरे मुलीनं धरले. चिमटे मी कडेलाच लावले. बाजेवरच्या राहिलेल्या शेंगा फोडल्या, छपाईची वाटी राखेनं घासली आणि भांड्यांच्या फळीवर पालथी घातली.