खो-खोच्या मॅडम फुटबॉलच्या मैदानात

शनिवारी कर्वेनगरला, आमच्याच कॉलेजच्या ग्राउंडवर, मी चारचौघांत स्वतःची छान शोभा करून घेतली... आणि तरी दोन दिवस झाले, हसू काही आवरत नाहीये. म्हटलं, लिहूनच टाकावं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी कॉलेजचा जिमखाना बघते आणि चोवीस वर्षं खो-खो शिकवतेय. दोन वर्षांपूर्वी आमचा जुना विद्यार्थी अमेय अमेरिकेतली नोकरी सोडून परत आला आणि त्याने मुलींची फ्लॅग फुटबॉलची टीम काढली. अमेरिकन फुटबॉलच, पण त्यातली धक्काबुक्की वजा करून. कमरेला फडकी लावलेली असतात, बॉल घेऊन पळणारीचं फडकं ओढलं की तिने थांबायचं.

अमेय हेड कोच झाला आणि मला म्हणाला, "मॅडम, तुम्ही रिसीव्हर कोच व्हा." रिसीव्हर म्हणजे लांब पळत जाऊन बॉल झेलणाऱ्या मुली. मी त्याला स्पष्ट सांगितलं, की तो नारळासारखा बॉल मला स्वतःला धड झेलता येत नाही. तो म्हणाला, "झेलायचं मी बघतो. तुम्ही फक्त हुलकावणी शिकवा."

आता हुलकावणी म्हणजे माझ्या हातचा मळ... तर अशा रीतीने पन्नाशीत माझं नवं करिअर सुरू झालं. नवऱ्याने अख्ख्या सोसायटीत सांगितलं, "आमच्याकडे आता अमेरिकन कोच आहेत, स्वयंपाकाची चौकशी करू नये."

माझ्या खो-खोच्या पाच-सहा मुली या टीममध्ये आल्या आणि समोरच्यांना चकवण्यात पटाईत झाल्या. अडचण एकीचीच होती, यंदाच या टीममध्ये आलेल्या रुखसारची. टीममधली सगळ्यात वेगवान मुलगी, पण बॉल जरा मागे पडला की त्याच्यासाठी वळायचीच नाही. ही आपली सरळ पुढे पळत जायची आणि बॉल हिच्या पाठीमागे टप्पे खात पडायचा.

कारण मला पहिल्याच दिवशी कळलं, आणि फार वाईट वाटलं. खो-खोत पाठलाग करणारीने एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत मागे वळायचं नसतं. रुखसार अकरावीपासून माझ्याकडे आहे आणि हा नियम तिच्या पायांत मीच भिनवलाय. जरा खांदा वळला की हात वर करून मी ओरडायचे, "फाऊल!"... पाच वर्षं हेच.

दोन मॅचमध्ये तिने असे तीन बॉल सोडले. शनिवारची मॅच या मोसमातली शेवटची, आणि रुखसारचंही कॉलेजचं हे शेवटचं वर्ष. अमेय म्हणाला की तिला बाहेर बसवावं लागेल. मी म्हटलं, "अरे, ही खोड तिची नाही, माझी आहे. मला पंधरा दिवस दे."

मग रोज सकाळी सहाला ग्राउंडवर आम्ही दोघीच. ती पुढे पळणार आणि मी मागून बॉल मुद्दाम कमी टाकणार. (मुद्दाम कसलं, माझा जातोच तेवढा.) पहिला आठवडा ती रडकुंडीला आली... "मॅडम, डोकं म्हणतंय वळ, पण पाय ऐकत नाहीत ओ."

दुसऱ्या आठवड्यात दहातले चार बॉल यायला लागले, मग सहा. अमेय एकदा येऊन बघून गेला आणि संध्याकाळी यादीत तिचं नाव होतं.

शनिवारी अगदी शेवटची दोन मिनिटं उरली होती आणि आम्ही चार गुणांनी मागे होतो. बॉल पलीकडच्या रेषेपार नेला तर सहा गुण. रुखसार सुसाट निघाली, बॉल हवेत गेला... आणि कमी पडला.

पण ती थबकली, गर्रकन मागे वळली, दोन पावलं उलटी आली आणि तिने बॉल छातीशी घट्ट धरला. आणि चोवीस वर्षांच्या सवयीने माझा हात वर गेला...

"फाऊल!"

माझ्या आवाजाला माइक लागत नाही. आमच्याच दोन खो-खोवाल्या पोरी जागच्या जागी थिजल्या. अमेयने कपाळावर हात मारून घेतला. समोरच्या टीमच्या मुलींना माझ्याशी काही देणंघेणं नव्हतं, त्या रुखसारच्या फडक्यासाठी धावतच होत्या.

रुखसारने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, संपलं, आता ही बॉल खाली ठेवणार... पाच वर्षांत तिने माझा शब्द एकदाही मोडला नव्हता. तेवढ्यात ती गालातल्या गालात हसली, पहिल्या मुलीला डावीकडे हूल देऊन उजवीकडून निसटली आणि रेषेपार जाऊनच थांबली.

आम्ही जिंकलो. रेफरी माझ्याजवळ आला आणि शांतपणे म्हणाला, "मॅडम, शिट्टी माझ्याकडे आहे, बरं का." मी मान डोलावली. डोळे नुसते वाहत होते.

सगळा दंगा ओसरल्यावर रुखसार माझ्याकडे आली. जरा घाबरलेलीच होती. "सॉरी मॅडम. तुम्ही ओरडलात ते मला ऐकू आलं होतं... पण मी थांबले नाही."

मी तिला घामासकट जवळ घेतलं. मुलींनी माझं ऐकावं म्हणून चोवीस वर्षं घसा फोडला. शनिवारी एकीने ऐकलं नाही... आणि शिकवल्याचं इतकं समाधान मला आजवर कधीच मिळालं नव्हतं.